परतीची गाडी

मनमाड जंक्शनच्या पुलावर उभं राहून खाली पाहिलंत, तर कुठला रूळ कुठल्या गावाला जातो ते मुळीच ओळखता येत नाही. सगळे सारखेच चकाकतात. पण त्यातला एक मुंबईला जातो, एक भुसावळला, एक दौंडला आणि एक छत्रपती संभाजीनगर, नांदेड करत पार सिकंदराबादला. चुकीच्या डब्यात चढलात आणि वर डुलकी लागली, की संपलंच! मनमाडच्या मुलांना हे काही वेगळं सांगायला नको.

अशीच चुकीच्या गाडीत बसलेली एक मुलगी दीडशे वर्षांपूर्वीच्या एका पुस्तकात आहे. तिचं नाव अ‍ॅलिस. हो, सशाच्या बिळात पडणारी तीच! भा. रा. भागवतांनी तिला मराठीत आणताना तिचं 'जाई' असं बारसं केलं आणि 'जाईची नवलकहाणी' लिहिली. लुइस कॅरलची ती बिळाची गोष्ट १८६५ सालची. पुढे १८७१ साली त्यानं अ‍ॅलिसला आरशातून पलीकडे पाठवलं, आणि तिथे ही आगगाडी येते.

अ‍ॅलिसजवळ तिकीट नाही. गार्ड खिडकीतून डोकावतो. तिला आधी मोठ्या दुर्बिणीतून बघतो, मग सूक्ष्मदर्शकातून, मग नाटकाला नेतात तसल्या छोट्या दुर्बिणीतून, आणि निकाल देऊन टाकतो की ही पोरगी उलट्या दिशेला चालली आहे. मग खिडकी लावून चालता होतो! समोर कागदाचे कपडे घातलेले एक गृहस्थ बसलेले असतात. त्यांचं म्हणणं असं, की एवढ्याशा मुलीला स्वतःचं नाव ठाऊक नसलं तरी एक वेळ चालेल, पण आपण कुठे चाललो आहोत ते ठाऊक हवंच.

मला विचाराल, तर हे गृहस्थ चुकले. कारण थोडं पुढे गेल्यावर अ‍ॅलिसला एक रान लागतं. तिथे शिरलं की कुणालाच कसलंही नाव आठवत नाही. झाडाला काय म्हणायचं ते सुचत नाही, आणि 'मी कोण?' तेही नाही. तिथे तिला एक हरणाचं पाडस भेटतं. त्यालाही आपण कोण ते आठवत नसतं. दोघं गळ्यात हात घालून रान पार करतात. बाहेर आल्याबरोबर पाडसाला आठवतं की आपण पाडस आणि ही माणसाची पोर. ते भेदरून पळून जातं. अ‍ॅलिसला वाईट वाटतं, पण निदान स्वतःचं नाव परत मिळालं याचं तिला समाधान असतं.

अ‍ॅलिस घरी कशी परतते? जागी होऊन! तेवढं सोपं सगळ्यांना नसतं.

जपानच्या चिहिरोला तर नव्हतंच. हायाओ मियाझाकींचा 'स्पिरिटेड अवे' हा २००१ सालचा चित्रपट तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. २००३ साली त्याला ऑस्कर मिळालं. चिहिरो दहा वर्षांची. आईबाबांबरोबर नव्या गावी राहायला चाललीय आणि गाडीत मागच्या सीटवर फुरंगटून बसलीय. जुनी शाळा सुटली, मैत्रिणी सुटल्या. (ज्यांच्या बाबांची बदली झाली आहे, त्यांना तिचं तोंड लगेच ओळखू येईल.) वाटेत ही मंडळी भलत्याच दुनियेत शिरतात. आईबाबा तिथलं अन्न ओरपतात आणि डुकरं होऊन बसतात. चिहिरोला भुताखेतांच्या आणि देवांच्या एका भल्यामोठ्या स्नानगृहात काम धरावं लागतं. तिथली मालकीण, चेटकीण युबाबा, काम देताना तिच्या नावातली अक्षरं काढून घेते आणि उरलेलं 'सेन' एवढंच नाव तिला ठेवते.

हाकू नावाचा मुलगा तिला बजावतो, की खरं नाव विसरू नकोस, विसरलीस तर परतीची वाट बंद. तो स्वतः विसरलेला असतो ना! तो मुळात एका नदीचा देव. त्या नदीत भराव घालून वर इमारती उभ्या राहिल्या. नदी गेली, नाव गेलं, आता जायचं कुठे? शेवटी चिहिरोलाच आठवतं, की लहानपणी आपण एका नदीत पडलो होतो, आणि ती त्याला त्याचं नाव परत देते.

या चित्रपटातही एक आगगाडी आहे, पाण्यावरून धावणारी. तिकीट देणारा म्हातारा चिहिरोला सांगतो की पूर्वी परतीच्या गाड्याही असायच्या, हल्ली ही गाडी फक्त जाते. तरीही चिहिरो तिच्यात बसते.

आता पुन्हा आपल्या स्टेशनावर येऊ. फलाटावर एखादं मूल एकटं सापडलं, तर पोलीस त्याला सगळ्यात आधी काय विचारतात? "बाळ, नाव काय तुझं?" आणि मग गाव. मोठ्या जंक्शनावर अशी मुलं सापडतात. काही चुकून दुसऱ्या गाडीत चढलेली, काही घरी रागावले म्हणून निघून आलेली. त्यांच्यासाठी १९९६ साली मुंबईत एक मोफत फोन सुरू झाला. पुढे तो देशभर पोचला. दहा-नऊ-आठ, म्हणजे १०९८. पाठ करून ठेवा. स्वतःसाठी लागला नाही, तरी फलाटावर दिसलेल्या दुसऱ्या कुणासाठी लागेल.

रागावून निघालेली मुलगी म्हटलं की मला डोरोथी आठवते. 'द विझर्ड ऑफ ऑझ' हा १९३९ सालचा हॉलिवूडचा चित्रपट. त्यात डोरोथी आधी घरातून पळूनच जाते, कारण एक खाष्ट बाई तिच्या टोटो कुत्र्याला न्यायला आलेली असते. वाटेत एक भोंदू ज्योतिषी भेटतो. तो काचेच्या गोळ्यात बघितल्यासारखं करतो आणि एम काकू रडते आहे असं सांगतो. सगळी थाप! पण डोरोथी तिथूनच मागे फिरते. एवढ्यात चक्रीवादळ येतं.

एल. फ्रँक बॉम यांच्या १९०० सालच्या मूळ पुस्तकात ती पळत वगैरे नाही. वादळ घरासकट तिला उचलून ऑझच्या देशात टाकतं. खरं सांगायचं तर तिचं कॅन्सस काही सुंदर नव्हे. उन्हानं करपलेली राखाडी जमीन, राखाडी घर, कष्टांनी हसायचं विसरलेली एम काकू आणि हेन्री काका. डोरोथीला आईवडील नाहीत. ऑझ मात्र हिरवंगार! असल्या देशातून त्या रखरखाटात परत कशाला जायचं, हे बुजगावण्याला काही केल्या कळत नाही. पण डोरोथीचं एकच टुमणं: मला घरी जायचंय. त्यासाठी ती केवढी पायपीट करते! जादूगार ढोंगी निघतो. त्याचा फुगा उडायची वेळ होते तेव्हा टोटो एका मांजराच्या पिल्लामागे पळतो, आणि फुगा हिला सोडून जातो. आपल्या भोपळ्यातल्या म्हातारीला निदान वाहन तरी भरवशाचं मिळालं होतं!

शेवटी दक्षिणेची भली चेटकीण सांगते, की तुझ्या पायातले रुपेरी जोडे पहिल्या दिवसापासून तुला घरी नेऊ शकले असते. कुणीही चिडलं असतं. पण बुजगावणं म्हणतं, मग मला अक्कल कुठून मिळाली असती? पत्र्याचा लाकूडतोड्या आणि सिंहही तसंच काहीतरी म्हणतात, आणि डोरोथीला ते पटतं.

चित्रपट रंगीत असल्यानं त्यात जोडे लाल झाले. त्यातला एक जोड २००५ साली अमेरिकेतल्या एका संग्रहालयातून चोरीला गेला आणि तेरा वर्षांनी सापडला. डिसेंबर २०२४ मध्ये लिलावात त्याच्यावर २ कोटी ८० लाख डॉलरची बोली लागली.

चित्रपटात डोरोथी खाटेवर जागी होते आणि सगळं स्वप्न ठरतं. पुस्तकात तसं नाही. ती माळावर धाडकन येऊन पडते, पायातले जोडे वाटेत गळून गेलेले असतात आणि समोर एक नवंकोरं घर दिसतं. जुनं वादळात उडालं म्हणून हेन्री काकांनी नवीन बांधलेलं! पोरगी येईल की नाही ते ठाऊक नसताना.

पण हे घर बांधायला पैसे कुठून आले? ते बॉम यांनी दहा वर्षांनी, १९१०च्या पुस्तकात सांगितलं. काकांनी शेत गहाण टाकलं होतं. पीक धड येईना, कर्ज फिटेना, शेवटी बँक शेत घ्यायला निघाली. महाराष्ट्रातल्या किती घरांत ही गोष्ट बिनजादूची घडते! जिच्यासाठी डोरोथीनं एवढी पायपीट केली, ती जागाच आता राहणार नव्हती. तेव्हा डोरोथी ऑझच्या राणीला, ओझमाला विचारते आणि काका-काकूंनाच तिकडे घेऊन जाते, कायमचं. राजवाड्यातल्या रेशमी कपड्यांत दोघं अवघडून जातात. जन्मभर राबलेल्या हातांना काम नाही म्हणून त्यांना चैन पडत नाही.