अनुसूचन विलंबाचे अंशन परीक्षण

प्रत्यक्षकाल प्रचालन प्रणालीत एखादे कार्य सुरू होण्याचा नियोजित क्षण आणि ते प्रत्यक्षात सुरू होण्याचा क्षण यांमधील अंतरास अनुसूचन विलंब म्हणतात. हा विलंब मोजून त्यानुसार संगणकाच्या समयकाची जुळणी करणे म्हणजे त्याचे अंशन परीक्षण होय.

अशा प्रणालीत उत्तर बिनचूक असून भागत नाही. ते मुदतीतही मिळावे लागते. २०२४ मध्ये खुल्या झालेल्या अटल सेतूवरून उलव्याकडे येणाऱ्या मोटारींसाठी ताशी १०० किमी. ही कमाल वेगमर्यादा आहे. या वेगाने मोटार एका मिलिसेकंदात सु. २·८ सेंमी. पुढे जाते. अशा मार्गावरील कॅमेऱ्यास छायाचित्राचा आदेश ५० मिलिसेकंद उशिरा मिळाला, तर मोटार सु. १·४ मी. पुढे गेलेली असेल व तिची क्रमांकपट्टी दृष्टिक्षेत्राबाहेर जाऊ शकेल.

समयकाचा व्यत्यय-संकेत प्रक्रियकापर्यंत पोहोचणे, चालू कार्याची स्थिती साठवून नवे कार्य हाती घेणे यांस काही वेळ लागतोच. हा विलंबाचा जवळजवळ स्थिर भाग होय. आज्ञावलीने काही काळ रोखून धरलेले व्यत्यय, मुख्य स्मृतीतून पुन्हा आणावी लागणारी माहिती आणि वीजबचतीसाठी मंदावलेला प्रक्रियक यांमुळे त्यात अस्थिर भागाची भर पडते.

परीक्षणासाठी एक कार्य ठराविक अंतराने हजारो वेळा जागे करून प्रत्येक वेळचा विलंब नोंदवितात. समजा, किमान विलंब ४ व कमाल ३० मायक्रोसेकंद आढळला. समयक ४ मायक्रोसेकंद आधी लावल्यास विलंब ० ते २६ मायक्रोसेकंदांच्या मर्यादेत येतो. तो १० मायक्रोसेकंद आधी लावल्यास मात्र कार्य कधीकधी वेळेपूर्वीच सुरू होईल. लिनक्सवर आधारित झेनोमाय प्रणालीत व्यत्यय-हाताळणी, गाभ्यातील कार्ये आणि वापरकर्त्याची कार्ये यांसाठी अशी मूल्ये स्वतंत्रपणे ठरवितात.

अंशनाने स्थिर भागाची भरपाई होते. अस्थिर भाग तसाच राहतो. म्हणून सरासरीपेक्षा कमाल विलंब महत्त्वाचा असतो व तो तबकडी, संगणक-जाळे इत्यादींवर पूर्ण भार ठेवून दीर्घकाळ मोजावा लागतो. रिकाम्या यंत्रावरील मापन फसवे ठरते. लिनक्सच्या मूळ गाभ्यात प्रत्यक्षकाल सुविधा २०२४ मधील ६.१२ या आवृत्तीपासून समाविष्ट झाली. तथापि विलंब यंत्रसामग्रीवरही अवलंबून असल्याने प्रक्रियक किंवा गाभा बदलल्यावर परीक्षण पुन्हा करणे आवश्यक असते.