आकाशाची हमी

विमानाचा किंवा अग्निबाणाचा विषय निघाला की आम्हां वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना कोणी विचारीत नाही. तो प्रांत शास्त्र शाखेचा! मला मात्र वाटते, आकाशात जाण्याचा अर्धा इतिहास हिशेबाच्या वहीतच सापडतो.

आमचे काचीगुडा स्थानक १९१६ सालचे. तेव्हा ते 'निजाम्स गॅरंटीड स्टेट रेल्वे'चे होते. रेल्वेसाठी भांडवल उभारताना भागधारकांना व्याजाची हमी निजाम सरकारने दिली होती, म्हणून हे नाव. धंदा नवा आणि खर्च अफाट असला की कोणीतरी मोठ्याने पाठीशी उभे राहावे लागते.

विमानाचेही तेच झाले. १९४५ साली हैदराबादेत 'डेक्कन एअरवेज' स्थापन झाली. तिच्यात मोठा वाटा निजाम सरकारचा, लहान टाटांचा. महायुद्ध संपल्यावर लष्कराची डाकोटा विमाने स्वस्तात मिळू लागली आणि देशात विमान कंपन्यांचे पेव फुटले. पण हा धंदा विचित्र. दुकानातील साखर आज खपली नाही तर उद्या खपते. उडालेल्या विमानातील रिकामी खुर्ची मात्र कायमची बुडाली. प्रवासी दोन असोत वा वीस, इंधन, वैमानिक आणि देखभालीचा खर्च जवळजवळ तेवढाच. पुष्कळ कंपन्या तोट्यात आल्या. १९५३ साली राष्ट्रीयीकरण झाले आणि डेक्कन एअरवेज इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाली. पुढे २००७ साली इंडियन एअरलाइन्स एअर इंडियात मिसळली, आणि जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया पुन्हा टाटांकडे गेली.

अवकाशात जोखीम याहून मोठी. आपले अग्निबाण एकदाच उडतात. उड्डाण फसले की भांडवलाचा धूर. म्हणून १९६९ साली 'इस्रो' सरकारनेच उभारली. २०२० साली हे क्षेत्र खासगी कंपन्यांना खुले झाले आणि १८ नोव्हेंबर २०२२ रोजी हैदराबादच्याच 'स्कायरूट' कंपनीचा 'विक्रम-एस' श्रीहरिकोट्याहून उडून सुमारे ८९ किलोमीटर उंच गेला. अग्निबाण कंपनीचा, पण उड्डाणतळ इस्रोचा. म्हणजे हमी आजही आहे; फक्त ती व्याजाची नसून सोयींची आहे.

मित्रहो, हमीमागचा पैसा शेवटी जनतेचा असतो. नफा झाला तर त्यात तिचा वाटा किती आणि तोटा झाला तर तो कोणी सोसायचा, हे दुर्बिणीतून दिसत नाही. त्यासाठी ताळेबंद वाचता यावा लागतो. ते काम तरी आपले आहे ना?