बूस्टर कुठे फसतो
(लेखांक ७)

मागच्या आठवड्यात आपण अँटेनाच्या टोकापर्यंत पोचलो होतो. या वेळी त्याच्या लगेच मागे बसणाऱ्या पहिल्या अ‍ॅम्प्लिफायरकडे वळू. पालघर आणि बोईसर यांच्याइतकी सोयीची प्रयोगशाळा यासाठी सापडणार नाही. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्याचा वरळीचा मनोरा सुमारे ३०० मीटर उंच. रेडिओलहरींच्या क्षितिजाचा ठोकताळा असा: दोन्ही टोकांच्या मीटरमधल्या उंचींची वर्गमुळे काढून त्यांच्या बेरजेला ४.१ ने गुणले की किलोमीटर मिळतात. गच्चीवरचा अँटेना १० मीटरवर धरला, तर उत्तर येते ८४. वरळीपासून सरळ रेषेत पालघर सुमारे ७५ किलोमीटरवर आणि बोईसर ८७ च्या आसपास. म्हणजे क्षितिजाची रेघ या दोन गावांच्या मधून जाते. पालघरला सिग्नल अशक्त असला तरी सरळ येतो, बोईसर-तारापूरला मात्र तो वळून, वाकून पोचतो. अशा ठिकाणी यागी अँटेनाच्या जोडीला बूस्टर लावण्याची पद्धत पडली ती साहजिकच. मात्र सिग्नल कमी म्हणून बूस्टर मोठा, हा हिशेब अर्धाच बरोबर आहे, आणि चांगल्या ट्यूनरचे सारे कसब उरलेल्या अर्ध्यात आहे.

आधी बरोबर असलेला अर्धा पाहू. सामान्य तापमानाला ८ मेगाहर्ट्झ रुंदीच्या चॅनेलमध्ये निसर्गाचीच खरखर उणे १०५ डीबीएम इतकी असते. तिच्याखाली कोणालाच जाता येत नाही. ट्यूनर स्वतःची ५ डेसिबल भर घालतो असे धरले, तर तळ उणे १०० वर येतो. हॅराल्ड फ्रिस यांनी १९४४ मध्ये मांडलेल्या सूत्रानुसार साखळीतल्या पहिल्या टप्प्याची खरखर सर्वांत महागात पडते, कारण पुढच्या टप्प्यांची खरखर पहिल्याच्या गेनने, म्हणजे वाढवण्याच्या पटीने, भागली जाते. गच्चीवरून खाली येताना केबलने ४ डेसिबल खाल्ले, तर ते चारही थेट खरखरीच्या खात्यात जमा होतात. म्हणून बूस्टर खांबावर, अँटेनाजवळच हवा. टीव्हीच्या मागे लावलेला बूस्टर सिग्नल वाढवतो आणि आधी पडलेली घाणही तितकीच वाढवतो.

आता दुसरा अर्धा. २०१६ मध्ये दूरदर्शनने मुंबईसह १६ शहरांत डीव्हीबी-टी२ डिजिटल प्रक्षेपण आणले, आणि टीव्हीच्या पट्ट्याला खेटून मोबाइल टॉवरही उभे राहिले. समजा, बोईसरच्या गच्चीवर हवा असलेला सिग्नल उणे ७५ डीबीएम आहे आणि जवळच्या टॉवरचे ७६५ व ९५५ मेगाहर्ट्झचे दोन सिग्नल उणे २५ डीबीएम आहेत, म्हणजे एक लाख पट मोठे. अ‍ॅम्प्लिफायर पूर्णपणे सरळ वागत नाही, त्यामुळे या दोघांच्या मिश्रणातून नवी लहर तयार होते. ७६५ ची दुप्पट वजा ९५५, म्हणजे ५७५ मेगाहर्ट्झ, आणि हा आकडा बरोबर टीव्हीच्या यूएचएफ पट्ट्यात पडतो. अ‍ॅम्प्लिफायरचा तिसऱ्या क्रमाचा छेदबिंदू, म्हणजे त्याच्या सरळपणाचे माप, शून्य डीबीएम धरला, तर या बनावट लहरीची ताकद येते उणे ७५ डीबीएम, हव्या असलेल्या सिग्नलइतकीच. चित्र येणार नाही, आणि मोठा बूस्टर लावला तर आणखी बिघडेल.

तोडगा उलटा आहे: गेन कमी करायचा. प्रवेशालाच १ डेसिबल कापला की हवा असलेला सिग्नल १ ने उतरतो, बनावट लहर ३ ने. पण खरखरीचा तळ जागचा हलत नाही. वरच्या आकड्यांत काहीच न कापता सिग्नल आणि एकूण उपद्रव यांचे गुणोत्तर शून्य डेसिबल येते, ९ डेसिबल कापल्यावर ते जवळजवळ १४ होते आणि १२ कापल्यावर पुन्हा १३ च्या खाली घसरते. डीव्हीबी-टी२ च्या मध्यम रचनांना १४ पुरतात, जड रचनांना नाही. हा मधला बिंदू शोधायचा आणि शक्य तर वर उचलायचा, हेच बदलत्या गेनच्या अ‍ॅम्प्लिफायरचे काम. तेच ९ डेसिबल फीडबॅकची जोडणी बदलून असे कापले की सरळपणा तितकाच वाढला पण खरखर फक्त ४ ने वाढली, तर उत्तर १६ च्या वर जाते. हे २ डेसिबल कोणताही बूस्टर विकत देत नाही.

अडचण रुंदीची आहे. ५० ते ८६० मेगाहर्ट्झ एकाच प्रवेशातून घ्यायचे, तर कॉइल जुळवून खरखर कमी करण्याची नेहमीची युक्ती चालत नाही, आणि साधा ७५ ओहमचा रोधक जुळणीसाठी लावला तर तो एकटाच ३ डेसिबल खातो. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठातल्या ब्रुकोलेरी, क्लम्परिंक आणि नाऊटा यांनी २००४ मध्ये विस्ताराने मांडलेली वाट मला फार देखणी वाटते: जुळणी करणाऱ्या ट्रान्झिस्टरची खरखर दोन वाटांनी अशी नेतात की शेवटी ती परस्परांत वजा होते आणि सिग्नल मात्र मिळवला जातो. रुंद पट्ट्याला आणखी एक शाप आहे. ८८ ते १०८ मेगाहर्ट्झमधल्या दोन एफएम केंद्रांची बेरीज १७६ ते २१६ मध्ये, म्हणजे टीव्हीच्याच व्हीएचएफ पट्ट्यात पडते. अशा बेरजा दबाव्यात म्हणून सर्किटच्या दोन्ही बाजू सममित ठेवतात.

कोणी म्हणेल, पुढे फिल्टर लावा की, टॉवर अडेल. लावावाच, पण फिल्टरचा प्रत्येक डेसिबल घाटा खरखरीत जमा होतो, आणि कडा जितकी तीक्ष्ण तितका घाटा जास्त. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: सगळा पट्टा एकदम अंकांत बदलून घ्या, नंतर संगणकच हवे ते निवडेल. केबलवर असे ट्यूनर खरोखर चालतात, कारण तिथे चालक सर्व चॅनेल जवळपास सारख्या पातळीला ठेवतो. गच्चीवर ती शिस्त नाही. शिवाय अंकपरिवर्तकाची स्वतःची खरखर मोठी असल्याने त्याच्या आधी अ‍ॅम्प्लिफायर लागतोच, आणि एकूण ताकद बदलली की त्याचा गेनही बदलावा लागतो. ती बदलते, हे किनाऱ्यावर निराळे सांगायला नको. पावसाळ्याआधी अरबी समुद्रावर तापलेल्या कोरड्या हवेचा थर ओलसर हवेवर बसला की लहरी त्या नळीतून क्षितिजापलीकडे पोचतात, आणि दूरचे केंद्र काही तासांपुरते शेजारच्यासारखे तगडे होते. म्हणून चांगला ट्यूनर आधी मागच्या टप्प्यांचा गेन उतरवतो, पुढचा शेवटपर्यंत राखून ठेवतो, आणि प्रवेशाची पातळी ठरलेल्या उंबरठ्याच्या वर गेली की मगच पुढचा सोडतो. खांबावरच्या ठरीव गेनच्या बूस्टरला हे जमत नाही. मिश्रण त्याच्या पोटातच झालेले असते, आणि खालच्या ट्यूनरने कितीही कापले तरी ते निघत नाही. बोईसरला बूस्टर लावायचाच असेल, तर कमी खरखरीचा, बेताच्या गेनचा, आणि पुढे मोबाइल पट्टे अडवणारा सौम्य फिल्टर असलेला घ्यावा. डब्यावर छापलेला गेनचा आकडा शेवटी पाहावा.