ओल्या गादीचं उत्तर दिवसभरात शोधा

सात-आठ वर्षांचं मूल रात्री अंथरूण ओलं करतं, ही गोष्ट सहसा घराच्या उंबऱ्याबाहेर जात नाही. गादी गच्चीत उन्हात टाकताना कुणी विचारलंच, तर पाणी सांडलं म्हणून सांगतात. मामाकडचा मुक्काम टळतो, शाळेच्या सहलीच्या वेळी नेमकं पोट दुखतं. कुणीच बोलत नाही, त्यामुळे प्रत्येक घराला वाटतं की हे फक्त आपल्याकडेच आहे. प्रत्यक्षात पाच वर्षांच्या १०० मुलांपैकी साधारण १५ मुलं रात्री अंथरूण ओलं करतात. दहाव्या वर्षी हे प्रमाण ५च्या आसपास येतं आणि वयात आल्यावरही शंभरात एखाद्याचा त्रास राहतो. पहिलीच्या ४० जणांच्या वर्गात अशी चार-पाच मुलं सहज असतात. दिवसा चड्डी ओली होणारी मुलं आणखी वेगळी.

उघड बोलणं नाही, म्हणून सल्ले ऐकीव असतात. त्यातले काही निरुपद्रवी आहेत. थंडीत तिळाचा लाडू खाऊन कुणाचं काही बिघडत नाही. पण काही सल्ल्यांनी मुलाचं खरोखर नुकसान होतं.

“मुद्दाम करतो, आळशी आहे नुसता.”

झोपेत झालेली लघवी मुलाला कळतच नाही, मग मुद्दाम कुठून करणार? त्यामागे तीन गोष्टी असतात. रात्री लघवी कमी व्हावी म्हणून मेंदूतून एक संप्रेरक पाझरतं. काही मुलांमध्ये ते रात्री पुरेसं वाढत नाही, आणि दिवसाइतकीच लघवी रात्रीही तयार होते. काही मुलांची लघवीची पिशवी लहान असते किंवा पूर्ण भरण्याआधीच आवळायला लागते. आणि तिसरी गोष्ट, पिशवी भरल्याचा निरोप पोचूनही मेंदू झोपेतून जागा होत नाही. बहुतेक मुलांमध्ये यांतल्या दोन तरी गोष्टी एकत्र असतात.

यात वारसाही मोठा आहे. आई किंवा बाबा यांपैकी एकाला लहानपणी हा त्रास असेल, तर मुलाला होण्याची शक्यता ४० टक्क्यांच्या वर जाते. दोघांनाही असेल, तर ७५ टक्क्यांच्या आसपास. आजीला विचारलं तर बरेचदा कळतं की आज रागावणारे बाबाच चौथीपर्यंत गादी ओली करत होते. मुलाला हे जरूर सांगावं. त्याच्या मनावरचा भार त्याच दिवशी अर्धा उतरतो.

मारणं, उठाबशा काढायला लावणं, पाहुण्यांसमोर विषय काढणं, “धाकटी बघ कशी कोरडी उठते” असं म्हणणं या कशानेही लघवी थांबत नाही. थांबतं ते मुलाचं सांगणं. मग ते ओली चड्डी कपाटामागे दडवायला शिकतं.

“मोठा झाला की थांबेल आपोआप.”

हे अर्धं खरं आहे, म्हणूनच जास्त फसवं. दरवर्षी साधारण १५ टक्के मुलांचा त्रास काही न करता थांबतो. पाच वर्षांखालच्या मुलाला त्यासाठी औषध देऊच नये. पण ज्याची गादी रोज ओली होते किंवा ज्याला दिवसाही त्रास आहे, त्याचा त्रास आपोआप थांबण्याची शक्यता बरीच कमी असते. सहा-सात वर्षांच्या मुलाला स्वतःलाच लाज वाटायला लागली असेल, तर आणखी चार वर्षं वाट पाहायला सांगणं मला क्रूरपणाचं वाटतं. उपाय हाताशी आहेत.

“पाणी बंद करा, सगळं ठीक होईल.”

इथे जरा थांबायला हवं, कारण सगळ्यांत मोठा घोळ इथेच होतो. आईवडील डॉक्टरांकडे जातात ते रात्रीची तक्रार घेऊन. त्यामुळे दिवसाकडे कुणी पाहत नाही. शाळेत जाणाऱ्या मुलाचा दिवस तपासा. सकाळी सातला घाईत एकदा लघवी. पाण्याची बाटली दप्तरात भरून जाते आणि तशीच परत येते, कारण पाणी प्यालं की शाळेच्या स्वच्छतागृहात जावं लागतं. तिथे वास येतो, कडी लागत नाही, नळाला पाणी नसतं. तासाला करंगळी दाखवली, तर बाई म्हणतात, “मधल्या सुट्टीत जा.” मधल्या सुट्टीत रांग असते आणि डबाही संपवायचा असतो. मूल दुपारी घरी येतं तेव्हा दप्तर भिरकावून आधी मोरीकडे धावतं, आणि बऱ्याचदा दारातच चड्डी ओली होते. संध्याकाळी खेळून आल्यावर दिवसभराची तहान एकदम लागते, आणि जेवणापासून झोपेपर्यंत ते तांब्याच्या तांब्या पाणी पितं.

अशा मुलाचं पाणी तोडलं की लघवी घट्ट होते, पिशवीला टोचते, बद्धकोष्ठ वाढतं आणि जंतुसंसर्गाला वाव मिळतो. करायचं ते उलट. चार ते आठ वर्षांच्या मुलाच्या पोटात दिवसभरात साधारण एक ते दीड लिटर द्रव जायला हवा, उन्हाळ्यात आणखी. त्यातला मोठा वाटा संध्याकाळी पाचच्या आत. झोपण्याआधीचा तासभर काही नको. चहा, कॉफी आणि कोला बंद. लघवीची घाई असो नसो, दर दोन-अडीच तासांनी लघवीला बसायचं, आणि झोपण्यापूर्वी आठवणीने.

लघवी दाबून धरणारं मूल ओळखता येतं. खेळताना ते मध्येच थिजतं, मांड्या आवळतं, एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचतं. मुली अचानक उकिडव्या बसतात आणि टाच खाली दाबून धरतात, जणू चप्पल नीट करत आहेत. १९६६मध्ये व्हिन्सेंट नावाच्या डॉक्टरांनी या बसण्याचं वर्णन केलं आणि त्याला त्यांचं नावही मिळालं. घरचे याला चाळा समजून “सरळ उभी राहा” म्हणतात. ती मुलगी त्या क्षणी आवळलेल्या पिशवीशी झगडत असते.

“लघवीची तक्रार आहे, पोटाचं काय विचारता?”

मला एकच प्रश्न विचारायची मुभा असेल, तर मी शी कशी होते हे विचारेन. गुदाशय लघवीच्या पिशवीला लागून, तिच्या मागेच असतं. ते कडक मळाने तट्ट फुगलं की पिशवीला पसरायला जागा उरत नाही, ती अवेळी आवळते, आणि कधीकधी पूर्ण रिकामीही होत नाही. अमेरिकेत बद्धकोष्ठाच्या २३४ मुलांचा एक अभ्यास १९९७मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या साधारण एकतृतीयांश मुलांना लघवीचाही त्रास होता. ज्यांचं बद्धकोष्ठ बरं झालं, त्यांच्यापैकी ८९ टक्के मुलांची दिवसाची चड्डी आणि ६३ टक्के मुलांची रात्रीची गादी कोरडी राहू लागली.

“रोज होते की शी,” असं आईवडील मनापासून सांगतात. पण रोज थोडीशी होऊनही मागे साठा राहू शकतो. खड्यांसारखी शी, संडास तुंबेल इतकी जाड शी, कुंथणं, पोट फुगणं, चड्डीला वरचेवर डाग लागणं, ही सगळी बद्धकोष्ठाची लक्षणं. डागांना जुलाब समजून उलटं औषध दिलं जातं, हे तर फारच वाईट. एरंडेलाचा एक डोस किंवा दोन दिवसांची पुडी यावर पुरत नाही. आधी साठा साफ करायचा, मग मल मऊ ठेवणारी पावडर डॉक्टरांच्या मापाने काही महिने घ्यायची, आणि जेवणानंतर दहा मिनिटं निवांत बसायचं. कमोड असेल तर पायाखाली पाट द्यावा. लटकत्या पायांनी ना शी नीट होते, ना लघवी.

बसण्यावरून आणखी एक. काही मुली लघवी करून उठल्या की पाच-दहा मिनिटांत चड्डी ओली होते. तपासण्यांवर तपासण्या होतात आणि काहीच सापडत नाही. चड्डी गुडघ्यांवर अडकवून, मांड्या मिटून बसल्यामुळे थोडी लघवी योनिमार्गात साचते आणि उभं राहिल्यावर गळते. चड्डी पूर्ण खाली करून, मांड्या फाकवून, थोडं पुढे वाकून बसलं की प्रश्न मिटतो. औषध लागत नाही.

“आधी सगळ्या तपासण्या करून टाकू.”

बहुतेक मुलांना एमआरआयही लागत नाही आणि नळी घालून केली जाणारी मूत्राशयाची तपासणीही. लागते ती नीट विचारपूस, पोट आणि पाठीचा कणा बघणं, लघवीची साधी तपासणी आणि एक वही.

ही वही दोन सुट्टीच्या दिवसांत घरीच भरायची. एक मापाचं प्लास्टिकचं भांडं संडासात ठेवायचं. मूल किती वाजता काय आणि किती प्यालं, लघवीला कधी गेलं, किती मिलिलिटर झाली, घाई झाली का, चड्डी ओली होती का, शी कधी आणि कशी झाली, हे सगळं लिहायचं. काही रात्री डायपर घालून झोपण्याआधी आणि सकाळी तो स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलायचा. जितके ग्रॅम वाढले तितके मिलिलिटर, अधिक सकाळची पहिली लघवी.

मुलाच्या पिशवीत किती मावायला हवं याचं ढोबळ गणित सोपं आहे: वयात एक मिळवा आणि ३०ने गुणा. सहा वर्षांच्या मुलाला २१० मिलिलिटर. दिवसा एका वेळी कधीच १००च्या वर जात नसेल, तर पिशवी लहान किंवा चिडलेली आहे. दिवसाचे आकडे ठीक असून रात्रीची बेरीज २७०च्या वर जात असेल, तर रात्री लघवीच जास्त तयार होते आहे. दोन्हींचे उपाय वेगळे. दिवसा त्रास असेल, तर लघवीआधी आणि नंतर सोनोग्राफी करून पिशवीत किती उरतं ते पाहतात. काही मुलं लघवी करताना खालचे स्नायू सैल सोडण्याऐवजी आवळतात, त्यामुळे धार तुटक येते. ते एका यंत्रावर दिसतं, आणि तेच चित्र पडद्यावर दाखवून मुलाला स्नायू सैल सोडायला शिकवतातही.

मात्र काही खुणा दिसल्या, तर थांबू नये. सहा महिने कोरडं राहिलेलं मूल पुन्हा ओलं करू लागलं, सारखं पाणी मागतंय, वाळत चाललंय, तर त्याच दिवशी रक्तातली साखर तपासा; लहान मुलांचा मधुमेह अनेकदा असाच उघड होतो आणि उशीर जिवावर बेततो. मुलाची धार बारीक किंवा थेंबथेंब, मुलगी नीट लघवी करूनही सतत ओली, कमरेच्या मणक्यावर केसांचा पुंजका किंवा खोल खळगा, चालण्यात फरक, लघवीत रक्त, विनाकारण वारंवार ताप, यांतलं काहीही असेल तर मुलांच्या मूत्रविकारतज्ज्ञांकडे जा. जळजळ आणि ताप एकत्र आले, तर “उन्हाळी लागली” म्हणून सब्जा आणि धण्याच्या पाण्यावर दिवस काढू नका. प्रतिजैविक सुरू होण्याआधी लघवीचं कल्चर व्हायला हवं. मूल रात्री घोरत असेल, तर टॉन्सिल आणि अ‍ॅडिनॉइड बघून घ्या. अचानक सुरू झालेल्या त्रासामागे घरातलं भांडण, नवं भावंड, शाळेतली दहशत किंवा कुणी केलेला गैरप्रकारही असू शकतो. हे एकांतात, न दरडावता विचारावं.

“गोळीची सवय लागते.”

डेस्मोप्रेसिन नावाची गोळी त्या कमी पडणाऱ्या संप्रेरकाचंच काम करते. रात्री लघवी जास्त होणाऱ्या मुलांना ती चांगली लागू पडते. तिची सवय लागत नाही, पण बंद केल्यावर त्रास परत येऊ शकतो, म्हणून ती हळूहळू कमी करतात. एक पथ्य मात्र कडक आहे: गोळीच्या एक तास आधीपासून पुढचे आठ तास पाणी जवळपास नाहीच. ते मोडलं तर रक्तातलं सोडियम घसरून झटके येऊ शकतात. जुन्या चिठ्ठ्यांवर इमिप्रामिन दिसतं. त्याचा जास्त डोस हृदयाला घातक आहे. घरात असेल तर कुलपात ठेवा, आणि मोठ्या भावाच्या उरलेल्या गोळ्या धाकट्याला कधीही देऊ नका.

आपल्याकडे फारसा न वापरला जाणारा उपाय म्हणजे गजर. चड्डीला लावलेला संवेदक पहिल्या थेंबाला वाजतो. त्याचं मूळ १९०४ सालचं आहे. फाउंडलर या बालरोगतज्ज्ञांनी ओलं झालेलं मूल परिचारिकेला कळावं म्हणून घंटा बसवली होती, आणि तिच्यामुळे मुलंच कोरडी राहायला लागली. नेटाने दोन-तीन महिने वापरला, तर साधारण दोनतृतीयांश मुलांना गुण येतो आणि तो टिकतोही जास्त. सुरुवातीला मूल उठत नाही, घर मात्र उठतं. म्हणून आईबाबांपैकी कुणीतरी शेजारी झोपून त्याला पूर्ण जागं करून संडासात न्यावं. अर्धवट झोपेत उचलून नेल्याने गादी वाचते, मूल काही शिकत नाही. आणि बक्षीस द्यायचं तर वेळेवर पाणी पिण्याचं, वही भरण्याचं द्या. कोरडं राहणं मुलाच्या हातात नसतं.

शेवटी त्या मुलांविषयी, ज्यांना मणक्याच्या जन्मजात दोषामुळे लघवीची जाणीवच होत नाही. त्यांना दिवसातून चार-पाच वेळा स्वच्छ नळी घालून पिशवी रिकामी करायला सांगितलं की आईवडील हादरतात: “मूत्रपिंडं जातील, संसर्ग होईल.” १९७२मध्ये अमेरिकेत लॅपिडीस यांनी ही पद्धत मांडली, तेव्हापासून असंख्य मुलांची मूत्रपिंडं तिनेच वाचवली आहेत. तुंबून दाब वाढलेली पिशवी मूत्रपिंडं निकामी करते, नळी नाही. शाळकरी मुलं हे स्वतःचं स्वतः शिकतात आणि पाच मिनिटांत आटपून वर्गात येतात.

या सगळ्या मुलांसाठी शिक्षकांकडे एक मागणं आहे. वर्गात कुणी करंगळी दाखवली, तर त्या मुलाला तेव्हाच जाऊ द्या, आणि शाळेच्या स्वच्छतागृहाला कडी आणि पाणी आहे का, हे आठवड्यातून एकदा स्वतः जाऊन बघा.