पाषाणचं गणित, कोकणचा वारा

11 नोव्हेंबर 2009. फयान ज्या दिवशी चक्रीवादळ झालं, त्याच दिवशी अलिबाग-मुंबईदरम्यान किनाऱ्यावर चढलं. रत्नागिरीच्या कितीतरी होड्या तेव्हा समुद्रातच होत्या. काही खलाशी परतलेच नाहीत. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला धडकलं, ताशी 110-120 किलोमीटर वाऱ्यानं दापोली-मंडणगडच्या नारळ-सुपारीच्या वाड्या आडव्या केल्या. पण ते येणार हे दोन दिवस आधीच सगळ्यांना ठाऊक होतं.

मधल्या काळात पुण्यात पाषाणला, भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत, 2018 मध्ये ‘प्रत्युष’ महासंगणक आला. 2024 पासून तिथे ‘अर्का’ आहे. क्षमता 11.77 पेटाफ्लॉप, म्हणजे सेकंदाला सुमारे 11,770 लाख कोटी आकडेमोडी. मे 2025 पासून त्यावर 6 किलोमीटर जाळीचं ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ चालतं. आधीची जाळी 12 किलोमीटरची होती.

वातावरणावर अशी जाळी कल्पायची, तिच्या प्रत्येक घरात वारा, दाब, तापमान, बाष्प भरायचं आणि समीकरणं थोड्या थोड्या मिनिटांनी पुढे न्यायची. खरी अडचण सुरुवातीलाच असते. भर समुद्रात मोजमापं तुरळक, म्हणून आरंभीचे आकडे किंचित बदलून तेच गणित 21 वेळा सोडवतात. त्यातून निघणाऱ्या वादळाच्या एकवीसही वाटा जवळजवळ पडल्या तर भरवसा वाढतो. फाकल्या तर जपून बोलायचं.

जाळी बारीक का हवी, ते भूमध्य समुद्राकडे पाहिलं की कळतं. तिथेही उष्णकटिबंधीय वळणाची छोटी वादळं होतात. सप्टेंबर 2023 मध्ये अशाच ‘डॅनियल’च्या पावसानं लिबियातल्या डेर्ना शहरावरची धरणं फुटली. चहूबाजूंनी जमीन, वादळाचा गाभा लहान. जाड जाळीत तो नीट उमटतच नाही. फयानसारखं किनाऱ्याजवळ झटपट वाढणारं वादळही असंच निसटू शकतं. आणि अरबी समुद्र तापतोय. मेधा देशपांडे व सहकाऱ्यांच्या अभ्यासानुसार 1982-2000 च्या तुलनेत 2001-2019 मध्ये इथली चक्रीवादळं 52 टक्क्यांनी वाढली.

वाट आता बरीच नेमकी सांगता येते, जोर मात्र अजून हुलकावणी देतो. आणि नुसती वाट कळून भागत नाही: मे 2021 मध्ये तौक्ते चक्रीवादळ येणार हे माहीत असूनही मुंबईजवळच्या समुद्रात पी-305 हा तराफा बुडाला, अनेक कामगार गेले.

6 किलोमीटरच्या एका घरात बंदर, खाडी, डोंगर सगळं एकाच आकड्यात जमा होतं. ‘कोकण किनाऱ्यावर सोसाट्याचे वारे’ ऐकून दापोलीजवळच्या हर्णैचा बागायतदार काय करणार? जाळी आणखी बारीक करण्याइतकाच पैसा आणि माणसं गावागणिक, खाडीगणिक इशारा मराठीत पोचवण्यावर लावायला हवीत.