जळू माशी (ट्राउट मासेमारी)

जळू माशी म्हणजे पाण्यातील जळवेच्या आकाराचा व हालचालीचा आभास निर्माण करण्यासाठी गळावर पिसे, लोकर अथवा केस धाग्याने बांधून तयार केलेले कृत्रिम आमिष होय. ट्राउट मासे पकडण्याच्या ‘फ्लाय फिशिंग’ या पद्धतीत अशा प्रत्येक आमिषाला ‘माशी’ असेच म्हणतात, मग ते कीटकाचे अनुकरण असो वा नसो. नाव विसंगत वाटले तरी ते रूढ आहे.

जळवेची हालचाल

सह्याद्रीत पावसाळ्यात पायांना चिकटणारी जळू जमिनीवर राहणारी असून ती शरीराची कमान करीत पुढे सरकते. उत्तर अमेरिकेतील तळ्यांत व संथ नद्यांत आढळणाऱ्या अनेक जळवा मात्र पोहतात. पोहताना त्यांचे शरीर लांब व चपटे होते आणि त्यातून वर-खाली अशा लाटा सरकत जातात. त्यांतील पुष्कळ जाती रक्त शोषत नाहीत. गोगलगायी, अळ्या व कृमी यांवर त्या जगतात. मंद प्रकाशात त्यांचा वावर वाढतो. म्हणून काळ्या, गडद तपकिरी वा किरमिजी रंगाची जळू माशी पहाटे, सायंकाळी आणि ढगाळ दिवशी विशेष वापरली जाते. रंगाविषयी मासेमारांत बरेच वाद असले, तरी या माशीचे यश रंगापेक्षा हालचालीवर अधिक अवलंबून असते.

वूली बगर

या प्रकारातील सर्वांत प्रसिद्ध नमुना ‘वूली बगर’ हा होय. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातील रसेल ब्लेसिंग यांना 1967 मध्ये तो तयार करण्याचे श्रेय दिले जाते. ‘वूली वर्म’ या जुन्या नमुन्याला मॅराबूच्या मऊ पिसांची शेपटी जोडून तो सिद्ध झाला. ब्लेसिंग यांच्यासमोर जळू नव्हती. डॉब्सनफ्लाय या कीटकाच्या अळीचे अनुकरण त्यांना साधायचे होते. जळू म्हणून त्याची ख्याती नंतरची. मॅराबू हे नाव त्याच नावाच्या करकोच्यावरून आले असले, तरी आज ही पिसे टर्की पक्ष्याची असतात.

बांधणी

लांब दांड्याच्या गळात प्रथम धातूचा मणी ओवतात व गळ लहान शेगड्यात घट्ट धरतात. वजनासाठी दांड्यावर तारेचे काही वेढे देऊन त्यावर धाग्याचा थर चढवतात. वळणापाशी मॅराबूची शेपटी बांधतात. तिची लांबी साधारणपणे दांड्याइतकी असते. शेपटी फार लांब ठेवल्यास मासा केवळ तिचे टोक ओढतो आणि गळ त्याच्या तोंडात जात नाही. लांबी कमी करायची झाल्यास कात्री न लावता तंतू नखांनी खुडावेत, म्हणजे टोके नैसर्गिक राहतात. त्यानंतर बारीक तांब्याची तार व सेनीलचा लोकरी दोरा शेपटीच्या मुळाशी अडकवून दोरा मण्यापर्यंत गुंडाळतात. कोंबड्याच्या मानेचे पीस मण्यामागे बांधून विरळ वेढ्यांनी मागे नेतात आणि तार उलट दिशेने पुढे आणून त्याचा देठ दाबून धरतात. ही तार नसल्यास ट्राउटच्या दातांनी देठ तुटून पीस सुटते. शेवटी मण्यामागे गाठ मारून तिच्यावर वार्निशचा थेंब सोडतात.

नवशिक्याची सर्वसाधारण चूक म्हणजे अति साहित्य वापरणे. कोरडी असताना भरगच्च दिसणारी मॅराबूची शेपटी भिजल्यावर बारीक होते, म्हणून माशी पाण्यात बुडवूनच तिचे रूप पारखावे. काही नमुन्यांत कोंबड्याचे पीस पूर्णपणे वगळून मोहेअर लोकर विंचरून मागे वळवतात. सशाच्या कातड्याची केसाळ पट्टी लावल्यास पोहण्याचा भास उत्तम होतो, मात्र ती फेकताना गळाच्या वळणाभोवती गुंडाळली जाते.

वापर

माशी पाण्यात बुडू देऊन दोरी थांबत थांबत आखूड हिसक्यांनी ओढतात. दर विरामात जड डोके खाली झुकते व पुढच्या ओढीसरशी वर येते, त्यामुळे जळवेच्या पोहण्याचा भास होतो. ‘बॅलन्स्ड लीच’ या नमुन्यात टंगस्टनचा मणी टाचणीच्या आधाराने गळाच्या नेढ्यापुढे बसवलेला असतो. त्यामुळे तरंगत्या खुणेखाली टांगलेली माशी उभी न लटकता आडवी राहते आणि लाटांबरोबर आपोआप हलते.

वजनासाठी पूर्वी सर्रास शिशाची तार वापरत. तुटून पाण्यात राहिलेले शिसे गिळल्याने लून या पाणपक्ष्यांना विषबाधा होते. यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात शिसेयुक्त साहित्यास मनाई असून गळाला उलटा काटाही चालत नाही. तेथे मासेमारी करणारे शिशाऐवजी टंगस्टन वापरतात, तर काटा माशी बांधण्यापूर्वीच पकडीने दाबून सपाट करणे सोयीचे ठरते, कारण या क्रियेत ठिसूळ गळ मोडू शकतो.