तपासणींत न सांपडणारें दुखणें

दुखण्याला सामान्यतः दोन साक्षीदार असतात. एक दुखणाइताचा शब्द आणि दुसरी चारचौघांना दिसणारी खूण. मग ती सूज असो, ताप असो, कीं क्ष-किरणांच्या चित्रांत उमटलेली हाडाची भेग असो. खूण हजर असली म्हणजे शब्दावर विश्वास ठेवणें कोणालाहि जड जात नाहीं. पण एक विकार असा आहे कीं, त्यांत ही खूण सांपडतच नाहीं, आणि रोग्याला केवळ स्वतःच्या शब्दाच्या बळावर वर्षानुवर्षें आपली बाजू मांडावी लागते. त्याला फायब्रोमायाल्जिया म्हणतात. नांव अवघड असलें तरी अर्थ साधा आहे. तंतु, स्नायु आणि वेदना या अर्थांच्या लॅटिन व ग्रीक शब्दांची ती जोड आहे.

धाराशिव जिल्ह्याच्या, म्हणजे २०२३ पर्यंत सरकारदरबारीं ज्याला उस्मानाबाद म्हणत त्या जिल्ह्याच्या, बोलींत या विकाराला वेगळें नांव नाहीं. 'अंग चेचल्यावानी झालंय', 'हाडन् हाड ठणकतंय' एवढेंच रोगी सांगतो, आणि ऐकणारा 'वात आहे' म्हणून मोकळा होतो. परंतु या ठणक्याची रीत नीट पाहिली तर तो वेगळा ओळखूं येतो. तो एका सांध्यापुरता नसतो. मान, खांदे, पाठ, कंबर, मांड्या, उजवें अंग आणि डावें अंग अशी सर्वत्र वेदना असते आणि ती तीन महिन्यांहून अधिक काळ टिकते. रात्रभर झोपूनहि सकाळीं शीण उतरलेला नसतो. बोलतां बोलतां शब्द सांपडत नाहीं, दुधाचें पातेलें चुलीवर ठेवल्याचें स्मरत नाहीं. डोकें दुखतें, पोट बिघडतें, मोठा आवाज किंवा प्रखर उजेड सोसवत नाहीं. लहान मुलानें लाडानें मारलेली मिठीसुद्धां कधीं कधीं टोचते.

या विकाराची आणखी एक खोड आहे आणि तीच रोग्याच्या मुळावर येते. दुखणें रोज सारखें नसतें. नवरात्राच्या आधीं मराठवाड्यांत घरदार धुऊन काढण्याची रीत आहे; अंथरूण-पांघरूण, गोधड्या, भांडीं, सारें पाण्यांतून निघतें. एखाद्या दिवशीं अंग हलकें वाटतें म्हणून घरची सून सगळ्या गोधड्या एकट्यानें धुऊन टाकते आणि पुढचे तीन दिवस तिला उठवत नाहीं. घरांतील माणसांना मात्र कालचा दिवस आठवतो. 'काल तर चांगली धुणें धूत होती!' या एका वाक्यांत तिच्या दुखण्याचा निकाल लागतो. हा विकार पुरुषांपेक्षां स्त्रियांत अधिक आढळतो, हेंहि त्या निकालाला साहाय्य करतें. कारण घरांतील बाईचें दुखणें हें कामाचें दुखणें, अशी आपल्याकडे जुनी समजूत आहे. पुरुष रोग्याची अडचण निराळी. तो सांगतच नाहीं.

वैद्यकशास्त्रालाहि हें कोडें एका दिवसांत उलगडलेलें नाहीं. १९०४ सालीं लंडनचे विख्यात मज्जाविकारतज्ज्ञ सर विल्यम गॉवर्स यांनीं अशा दुखण्यांना 'फायब्रोसायटिस' असें नांव दिलें. त्यांत तंतूंना दाह होतो, अशी कल्पना होती. पुढें स्नायूंचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिले, तेव्हां दाह कांहीं दिसेना. १९७५ मध्यें टोरांटोच्या मोल्डॉफ्स्की व त्यांच्या सहकाऱ्यांनीं निरोगी माणसांची गाढ झोप कांहीं रात्री मुद्दाम मोडली, तों त्या धडधाकट माणसांचेंहि अंग दुखूं लागलें. शोधाची दिशा या प्रयोगानें बदलली. १९७६ मध्यें दाहाचा अर्थ वगळून 'फायब्रोमायाल्जिया' हें नांव आलें.

आज जें समजलें आहे तें थोडक्यांत असें : बिघाड स्नायूंत नसून वेदनेचा निरोप नेणाऱ्या मज्जासंस्थेंत आहे. रेडिओचा आवाज लहानमोठा करण्याची कळ शेवटपर्यंत फिरवून तेथेंच अडकावी, म्हणजे केंद्रावरून येणारी साधी कुजबूजहि घरांत गर्जनेसारखी घुमते. तसा येथें प्रकार होतो. सौम्य दाब मेंदूला वेदना म्हणून ऐकूं येतो. ही कल्पना मात्र नव्हे. अशा रोग्यांच्या पाठीच्या कण्यांतील द्रवांत वेदनेचा निरोप नेणारें 'सब्स्टन्स पी' नांवाचें द्रव्य निरोगी माणसापेक्षां पुष्कळ अधिक सांपडलें आहे, आणि २००२ मध्यें मेंदूच्या चुंबकीय चित्रांतहि थोड्याशा दाबानें वेदनेचीं केंद्रें जागीं होतांना दिसलीं.

कळ कां अडकते, याचें एक कारण नसतें. कांहीं घराण्यांत हा कल असतो. मोठा आजार, अपघात, जबर धक्का किंवा दीर्घकाळ मोडलेली झोप यांमागोमाग तो जागा होऊं शकतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे ज्या भूकंपानें किल्लारीबरोबर आजच्या लोहारा तालुक्यांतील सास्तूरहि जमीनदोस्त केलें, त्या भूकंपाच्या मुलखांत धक्का आणि जागरण हे शब्द समजावून सांगावे लागत नाहींत. तेथील प्रत्येक अंगदुखी भूकंपानेंच आली, असा मात्र याचा अर्थ करूं नये.

महाराष्ट्राच्या खेड्यांत अंगदुखीची शास्त्रीय मोजणी झाली ती पुणें-सोलापूर रस्त्यावरील भिगवण येथें. पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा यांनीं १९९६ मध्यें जागतिक आरोग्य संघटनेशीं संलग्न अशा योजनेखालीं घरोघर विचारपूस करविली. ४,०९२ प्रौढांपैकीं शेंकडा सुमारें १८ जणांना स्नायु-सांध्यांचें दुखणें होतें. ज्या आमवाताची सर्वांना भीति, तो अवघा अर्ध्या टक्क्याच्या आसपास, आणि सांध्यांबाहेरच्या मऊ भागांचीं दुखणीं त्याच्या कितीतरी पट. फायब्रोमायाल्जियाचें प्रमाण जगांत साधारण शेंकडा दोन ते चार धरतात. २०११ च्या खानेसुमारींत साडेसोळा लाख वस्ती असलेल्या धाराशिव जिल्ह्यांतील प्रौढांना दोनाचेंच प्रमाण लावलें, तरी आंकडा वीस हजारांच्या घरांत जातो. ही मोजणी नव्हे, केवळ गणित. पण गणितहि विचार करावयास लावणारें आहे.

मग रोग ओळखावा कसा? १९९० मध्यें अमेरिकन तज्ज्ञांनीं अंगावरच्या अठरा ठिकाणीं अंगठ्यानें दाबून पाहण्याची कसोटी ठरविली. अकरा ठिकाणीं दुखलें तर निदान पक्कें. २०१० पासून ती मागें पडून प्रश्नांची कसोटी आली : शरीराच्या एकोणीस भागांपैकीं किती दुखतात, शीण किती, झोप कशी, स्मरण कसें. म्हणजे निदानाला मोठें यंत्र लागत नाहीं, डॉक्टरांचा वेळ लागतो. आणि गर्दीच्या दवाखान्यांत नेमकी त्याचीच टंचाई असते. रक्ताच्या थोड्या तपासण्या मात्र अवश्य कराव्या. कारण पंडुरोग, गलग्रंथीची मंदता आणि 'ड' जीवनसत्त्वाची उणीव यांनींहि अंग असेंच दुखतें, आणि त्यांवर उपाय सोपे आहेत. सांधे सुजणें, ताप, वजन घटणें, हातापायांतील शक्ति जाणें हीं लक्षणें दिसलीं तर दुसऱ्या रोगाचा शोध तातडीनें घ्यावा.

तपासण्यांचे कागद निर्दोष आले म्हणजे 'कांहीं झालेलें नाहीं' असें सांगून रोग्याला घरीं धाडतात. तेथून त्याची खरी वणवण सुरू होते. बार्शी, सोलापूर, लातूर. मग सलाईनच्या बाटल्या, दर आठवड्याचें इंजेक्शन, आणि कोणी दिलेल्या निनांवी पुड्या. सलाईन म्हणजे मिठाचें किंवा साखरेचें पाणी. या वेदनेशीं त्याचा संबंध नाहीं. पुड्यांत स्टेरॉइड असेल तर चार दिवस बरें वाटतें, आणि पुढें हाडें ठिसूळ होतात, रक्तांतील साखर चढते.

उपायांत सर्वांत भक्कम पुरावा आहे तो व्यायामाचा. युरोपच्या संधिवाततज्ज्ञांनीं २०१६ मध्यें ठोसपणें पुरस्कार केला तो एकट्या त्याचाच. पण 'चालत जा' एवढें सांगून भागत नाहीं. पहिल्या आठवड्यांत पांच मिनिटें, पुढें सात, मग दहा. आणि बरें वाटलें त्या दिवशींहि ठरल्याहून अधिक नाहीं. गोधड्या एका दिवसांत न धुतां चार दिवसांत धुवाव्या, आणि त्यांतल्या अर्ध्या दुसऱ्या कोणीं धुवाव्या. निजण्याउठण्याची वेळ ठरलेली असावी. अमिट्रिप्टिलिन, प्रिगॅबालिन, ड्युलोक्सेटिन या औषधांनीं कांहींना उतार पडतो. तीं डॉक्टरांच्या सल्ल्यानेंच घ्यावीं. त्यांतलें एखादें उदासीनतेवरचें औषध म्हणून ओळखलें जातें, तेवढ्यावरून घरांत 'वेडाची गोळी' म्हणून कुजबूज होते, ती अज्ञानाची आहे. पूर्ण बरें करणारें औषध आज नाहीं. तरीहि पुष्कळांचें दुखणें उतरतें, आणि संसार, नोकरी, शेतीचीं कामें चालूं राहतात.

१२ मे हा दिवस जगांत या विकाराच्या जागृतीसाठीं पाळतात. तो फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा जन्मदिवस; क्रिमियाच्या युद्धाहून परतल्यावर कित्येक वर्षें त्या स्वतः दुखणाईत होत्या. धाराशिवला २०२२ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. परंतु तेथवर पोंचण्यापूर्वीं रोगी जिच्याजवळ मन मोकळें करते ती गांवांतली आशाताई, किंवा तुळजापूर तालुक्यांत अणदूरच्या हॅलो मेडिकल फाउंडेशननें शिकवून तयार केलेली 'भारतवैद्य' बाई. अशा बाईनें गोळी देण्याआधीं तीन प्रश्न विचारावे : किती महिने दुखतें, अंगाच्या दोन्ही बाजूंना दुखतें काय, आणि झोपून उठल्यावर ताजेंतवानें वाटतें काय? उत्तरें कागदावर लिहून तो कागद रोग्याबरोबर डॉक्टरांकडे धाडावा.